टांकसाळीतला माणूस जहाजावर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "कला शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी मालास्पिनाच्या सागरी मोहिमेवर गेलेला स्पॅनिश चित्रकार तोमास दे सुरिया निवडला आहे. पण जिथे वाचावं तिथे त्याला बदली चित्रकार म्हटलेलं दिसतं, आणि त्याची बरीच चित्रं अर्धवट वाटतात. तो खरंच दुय्यम होता का? आणि त्याची चित्रं बघायची कशी?"

बदली तर तो होताच, त्यात वाद नाही. पण मी छापचित्रण शिकलेली बाई. गेली पंचवीस-सव्वीस वर्षं संशोधकांसाठी झाडं, पानं आणि मासे चितारते, बरंचसं काम उन्हातान्हात आणि होडीत बसून. या कामाच्या सवयीने सांगते, की सुरियाकडे चित्रकार म्हणून नंतर बघा. आधी तो टांकसाळीत ठसे कोरणारा कारागीर होता हे मनात पक्कं करा. त्याच्या चित्रांमधल्या निम्म्या गोष्टी तिथूनच उलगडतात.

त्याचा जन्म १७६१ चा, वालेन्सियाचा. माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीत तो शिकला. तिथे त्याचे गुरू होते हेरोनिमो आंतोनियो हिल, पदकं आणि नाणी कोरणारे नामांकित हात. १७७८ मध्ये हिल यांना मेक्सिको शहराच्या टांकसाळीत मुख्य कोरकाम करणारे म्हणून पाठवलं गेलं, तेव्हा त्यांनी जे शिष्य बरोबर नेले त्यांत सतरा वर्षांचा सुरिया होता. मेक्सिकोत हिल यांनी टांकसाळीतच कोरकामाची शाळा काढली, आणि तिच्यातून पुढे १७८५ मध्ये सान कार्लोस अकादमी रीतसर उघडली. म्हणजे सुरियाची सगळी उमेदीची वर्षं धातूवर गेली. ब्युरिन, म्हणजे धातू कोरायची टोकदार सळई, हातात धरून तांब्या-पोलादावर रेघ ओढणारा माणूस कसा विचार करतो, हे ज्याने ब्युरिन धरलंय त्यालाच कळतं. तिथे खोडरबर नसतो. छाया हवी असेल तर ती रेघांच्या गर्दीतूनच आणायची. आणि नाण्यावरचा चेहरा म्हटला की बाजूने पाहिलेला: कपाळ, नाक, हनुवटी यांची एक सलग कड. ती कड चुकली तर राजा ओळखू येत नाही.

आता मोहिमेबद्दल. आलेसांद्रो मालास्पिना हा इटलीत जन्मलेला, पण स्पेनच्या नौदलातला अधिकारी. ३० जुलै १७८९ ला तो ‘देस्कुबिएर्ता’ आणि ‘आत्रेविदा’ ही दोन जहाजं घेऊन कादिझहून निघाला. दुसऱ्या जहाजावर होसे बुस्तामांते. साम्राज्याची पाहणी, नकाशे, वनस्पती, खनिजं, लोक, व्यापार, सगळंच त्यांना नोंदवायचं होतं. जगभर सफरी करणाऱ्या कॅप्टन कुकने इंग्रजांसाठी जे केलं ते आपणही करून दाखवायचं, ही ईर्षा त्यामागे उघड होती. निघताना दोन चित्रकार घेतले होते: सेव्हिलचा होसे देल पोसो, आणि झाडाफुलांसाठी होसे गिओ. देल पोसोचं काम मालास्पिनाच्या मनास येईना. पेरूतल्या लिमात त्याला उतरवलं. तो तिथेच राहिला, चित्रं शिकवत बसला आणि लिमातच वारला. युरोपातून दोन नवे चित्रकार मागवले होते, पण ते पोचायला अवकाश होता.

मार्च १७९१ मध्ये मालास्पिना मेक्सिकोतल्या आकापुल्कोला पोचला, तर तिथे राजाचा नवा हुकूम वाट बघत होता: उत्तरेला जा आणि अटलांटिककडे जाणारी सामुद्रधुनी शोधा. फेरेर माल्दोनादो नावाच्या एका इसमाने १५८८ मध्ये आपण त्या वाटेने गेल्याची बतावणी केली होती, आणि दोनशे वर्षांनी पॅरिसच्या एका भूगोलतज्ज्ञाने ती खरी मानून सभेत मांडली. इतक्या कच्च्या धाग्यावर दोन जहाजं अलास्काकडे निघाली. आता तिकडची माणसं कोण चितारणार? गिओ तर निसर्गतज्ज्ञ पिनेदाबरोबर मेक्सिकोतच अंतर्भाग बघायला राहणार होता. म्हणून व्हाइसरॉय रेविल्याहिहेदो यांच्यामार्फत टांकसाळीतून एक माणूस मागवला गेला. सुरियाची टांकसाळीतली जागा राखून त्याला काही महिन्यांसाठी धाडलं. तो तेव्हा तिशीचा, लग्न झालेला, आणि जहाजावरच्या जगण्याची काडीची सवय नसलेला.

‘बदली’ हा शब्द मला खटकतो तो इथे. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखा हा बाकावर बसलेला नव्हता. आपल्या धंद्यात स्थिरावलेला, पगारी माणूस उचलून त्याला सहा महिन्यांत दुसराच धंदा करायला लावला होता. टांकसाळीत एका ठशावर आठवडे घालवता येतात. इथे समोरचा माणूस डोंगीतून निघून जायच्या आत चेहरा कागदावर उतरायला हवा.

सुरियाने स्वतःसाठी एक रोजनिशी लिहिली. प्रकल्पासाठी तिच्याएवढी मोलाची दुसरी वस्तू नाही. मूळ वही आज अमेरिकेत न्यू हेवन इथे, येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. १९३६ पासून तिचं इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. अधिकाऱ्यांच्या नोंदी वाचल्यात तर त्या अक्षांश-रेखांश, वारा, खोली यांनी भरलेल्या. सुरियाच्या वहीत झोपायची जागा येते. पाय जहाजाच्या भिंतीला टेकलेले, डोकं फळीच्या आडभिंतीला, आणि छातीपासून वरचं छत जेमतेम तीन इंचांवर. कूस बदलायची सोय नाही. रात्री तोंडावर कापड गुंडाळून घ्यायचं, त्यात जीव गुदमरला तरी चालेल, कारण न गुंडाळलं तर झुरळं. हजारोंनी झुरळं. माणसांच्या कपाळावर फोड आणि बोटांना चावे, असं तो लिहितो. अशा रात्रीनंतर सकाळी हात स्थिर ठेवून रेघ ओढायची आहे, हे डोक्यात ठेवून त्याची चित्रं बघा. मी एकदा मालवणच्या बाजूला मच्छीमारांच्या होडीत चार दिवस काम केलं होतं. होडी हलते म्हणून रेघ हलत नाही, त्याची सवय होते. न झोपलेल्या डोळ्यांनी बघताना मात्र प्रमाण चुकतं, डोकं मोठं आणि हात आखूड होतात. सुरियाच्या एखाद्या आकृतीत तसं दिसलं तर लगेच अकादमीच्या फूटपट्टीने मोजू नका.

२७ जून १७९१ ला जहाजं आजच्या अलास्कातल्या याकुतात उपसागरात शिरली. स्पॅनिश लोक त्याला पोर्ट मलग्रेव्ह म्हणत. तिथले त्लिंगित लोक डोंग्यांतून गात गात समोर आले. बोहेमियाचा निसर्गतज्ज्ञ हेंके याने त्यांची गाणी स्वरांत उतरवून घेतली, आणि सुरिया ती माणसं कागदावर उतरवू लागला. त्याच्या लेखणीत इथे नवल आणि धास्ती दोन्ही एकदम आहेत: कातड्यांचे पेहराव, रंगवलेले चेहरे, मोठे आवाज. बायकांच्या खालच्या ओठात बसवलेला लाकडी तुकडा पाहून त्याला किळस येते आणि तो ती लपवत नाही. तरी वाचताना जरा थांबा. किळस आलेला हा माणूस तोच ओठ चितारताना मात्र हात आखडता घेत नाही. तुकडा कसा बसला आहे, ओठ किती खाली ओढला गेला आहे, हे तो नीट दाखवतो. लेखणीला मत असतं, पेन्सिलीला निरीक्षण, आणि सुरियाच्या बाबतीत ही दोन्ही कितीदा वेगळ्या वाटेने जातात हे बघणं हा तुमच्या प्रकल्पाचा चांगला भाग होईल.

त्याच्या वहीतलं मला सगळ्यात आवडतं ते त्लिंगित योद्ध्याच्या चिलखताचं वर्णन. जाड दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या लाकडी पट्ट्यांचं छातीवरचं आणि पाठीवरचं कवच, आणि डोक्यावर हिंस्र जनावराच्या तोंडासारखं कोरलेलं शिरस्त्राण. हे लिहिताना भीती कुठल्या कुठे गेलेली आहे. कारागीर कारागिराचं काम बघतो तसं तो बघतो: हे बांधलंय कसं, दोरी कुठून कुठे जाते, कोरायला काय वापरलं असेल. मजकुराच्या मध्येच तो छोटी रेखाटनं करतो, शब्द पुरेनासे झाले की पेन पुढे होतं. आपल्याकडचा एखादा तांबट दुसऱ्या गावच्या तांबटाची घागर हातात घेऊन तिचा सांधा बघतो ना, तसलं ते बघणं. देवाधर्माबद्दल, चालीरीतींबद्दल तो जे लिहितो त्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. आठ-नऊ दिवसांत, भाषा येत नसताना, कोणाला काय कळणार? पण जे हाताने घडवलेलं आहे त्याबद्दल तो चुकला असेल असं मला सहसा वाटत नाही.

सामुद्रधुनी अर्थातच नव्हती. उपसागराच्या टोकाला बर्फाची भिंत निघाली. मालास्पिनाने त्या जागेला ‘देसेन्गान्यो’ म्हणजे भ्रमनिरास असं नाव दिलं, आणि ते आजही टिकून आहे. जवळच्या अवाढव्य हिमनदीला पुढे १८७४ मध्ये त्याचंच नाव मिळालं.

आता अर्धवटपणाकडे येते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

शाळेत आपली रफ वही आणि फेअर वही असायची. मोहिमेवरच्या चित्राचंही तसंच असतं. पहिला कागद जागेवरचा: पेन्सिल, फार तर थोडी शाई. त्यात हवं तेवढंच. चेहरा पुरा, टोपीची वीण नमुन्यापुरती दोन बोटं, अंगावरचं कातडं नुसत्या बाह्यरेषेत. बाकीचं नंतर भरता येतं म्हणून सोडलेलं. दुसरा कागद जहाजावर किंवा बंदरात केलेला, शाई आणि सेपियाच्या वॉशने, म्हणजे तपकिरी रंगाच्या पातळ हाताने, पक्का केलेला. तिसरा टप्पा तांब्याच्या पत्र्यावरचा: कोरणाऱ्याने कोरून छापायचा. सुरिया हा असा विरळा माणूस होता, ज्याला हे तिन्ही टप्पे स्वतःच्या हाताने येत होते. म्हणून तो रफ करतानाच पुढच्या पत्र्याचा विचार करतो. छायेच्या रेघा एका दिशेने, मोजक्या अंतरावर पडतात. पत्र्यावर त्या तशाच घेता येतील अशा. त्याच्या काही कागदांवर रेघा ‘कोरड्या’ वाटतात, हे खरं. पण तो कोरडेपणा कौशल्याच्या अभावातून आलेला नाही. तो धातूच्या सवयीतून आला आहे.

आणि फेअर करताना काय होतं? चेहरा घरचा होतो. अकादमीत ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे वर्षानुवर्षं घोटलेले असतात. समोर माणूस नसला की हात त्या घोटलेल्या वळणावर जातो, नाक सरळ होतं, खांदे भरदार होतात, उभं राहणं रोमन सिनेटरसारखं होतं. हा दोष सुरियाचा एकट्याचा नव्हे. कुकच्या तिसऱ्या सफरीवरच्या चित्रकार जॉन वेबरची, याच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या नूत्काची चित्रं छापून आली तेव्हा त्यांतही हे झालंच होतं. माझ्याही हातून होतं. बांगडा पाण्यातून काढल्यावर पाठीवरचा निळा-हिरवा झळाळ काही मिनिटांत मावळतो. ते नाही टिपलं आणि घरी येऊन आठवणीने रंगवलं, की तो मासा पुस्तकातल्या माशासारखा दिसू लागतो. संशोधक खूश होतात, मला मात्र कळतं. म्हणून सुरियाचे जे कागद तुम्हाला अर्धवट वाटतात, तेच मी आधी बघेन. त्यांत त्याने न पाहिलेलं काहीच नाही.

ऑगस्टच्या मध्यावर जहाजं नूत्काला, म्हणजे आजच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला पोचली आणि पंधरवडाभर राहिली. इथलं वातावरण मलग्रेव्हपेक्षा वेगळं होतं. स्पेनचं ठाणं होतं, इंग्रजांशी याच जागेवरून युद्धापर्यंत गेलेलं भांडण नुकतंच निवळत होतं, आणि दोनच वर्षांपूर्वी स्पॅनिश माणसांनी इथल्या कालिकुम नावाच्या प्रमुखाला गोळी घालून मारलं होतं. त्यामुळे तिथला सर्वांत मोठा प्रमुख माक्विना जहाजांच्या जवळ यायलाच बिचकत होता. सुरियाने केलेलं माक्विनाचं व्यक्तिचित्र या पार्श्वभूमीवर बघायला हवं. डोक्यावर शंकूसारखी विणलेली टोपी. अशा टोप्या प्रमुखांच्या, आणि त्यांच्या विणीत देवमाशाच्या शिकारीची दृश्यं असत. इथे टांकसाळीतली तालीम कामाला आली असं माझं मत. राजाचा चेहरा नाण्यावर कसा धरायचा हे ज्याला ठाऊक, त्याला दुसऱ्या मुलखातल्या राजाचा आब धरणंही जमलं. त्याने माक्विनाला ‘नमुना’ केलं नाही. एरवी या काळातल्या सफरींच्या चित्रांत ‘अमुक ठिकाणचा पुरुष’, ‘तमुक ठिकाणची स्त्री’ अशीच लेबलं भरपूर सापडतात, सुरियाच्याही. पण माक्विना हा माक्विनाच आहे.

रोजनिशी इथेच, नूत्काच्या मुक्कामात, तुटते. पुढची पानं नाहीत.

कॅलिफोर्नियातल्या मोंतेरेमार्गे जहाजं ऑक्टोबरमध्ये आकापुल्कोला परतली. तोवर युरोपातून येणारे दोघे, फर्नांदो ब्राम्बिला आणि हुआन रावेनेत, दोघेही मूळचे इटलीचे, पुढच्या प्रवासासाठी येत होते. फिलिपाइन्स, सिडनी, तोंगाची चित्रं त्या दोघांची. सुरिया मेक्सिको शहरात परतला, काही काळ आपली रेखाटनं पक्की करत बसला आणि मग टांकसाळीतल्या कामाला लागला. पुन्हा समुद्रावर गेला नाही. झुरळं आठवली की मला त्याचं काही आश्चर्य वाटत नाही.

या सगळ्यात आणखी एका माणसाचं नाव घ्या, नाहीतर प्रकल्प लंगडा राहील. होसे कार्देरो. आंदालुसियातल्या एसिहा गावचा, जहाजावर नोकर म्हणून चढलेला पोरगा. देल पोसो उतरल्यावर याने आपण होऊन चित्रं काढायला घेतली आणि बघता बघता मोहिमेचा चित्रकार झाला. १७९२ मध्ये ‘सुतिल’ आणि ‘मेक्सिकाना’ या छोट्या गलबतांवरून नूत्काच्या बाजूला परत गेला तो कार्देरोच. अकादमीची हवा न लागलेला त्याचा हात आणि सुरियाचा तालीम झालेला हात, दोघेही एकाच उन्हाळ्यात मलग्रेव्हच्या त्याच किनाऱ्यावर. शरीररचनेत कार्देरो कच्चा आहे, पण गर्दी, धावपळ, एखादा प्रसंग घडताना दाखवावा तो त्यानेच. सुरियाला घटना जमत नाही. माणूस थांबला की मगच त्याला दिसतो.

मोहिमेचं पुढे जे झालं ते ऐकून वाईट वाटतं. २१ सप्टेंबर १७९४ ला मालास्पिना कादिझला परतला, आणि पुढच्याच वर्षी, १७९५ च्या नोव्हेंबरात, पंतप्रधान गोदोय याच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून पकडला गेला. स्पेनमधल्या आ कोरुन्याच्या किल्ल्यात अनेक वर्षं कैद, मग इटलीला हद्दपारी. चित्रं आणि कागद दप्तरात पडून राहिले. १८०२ मध्ये ‘सुतिल’ आणि ‘मेक्सिकाना’चा वृत्तांत छापला गेला, त्यातूनही मालास्पिनाचं नाव वगळलं होतं. मोहिमेचा वृत्तांत छापून निघायला १८८५ उजाडलं. म्हणजे जे तांब्यावर चढायचं होतं त्यातलं बरंचसं कधी चढलंच नाही, आणि पत्र्याचा विचार करत रेघ ओढणाऱ्या माणसाचं काम पेन्सिलीतच राहिलं. आज ही चित्रं मुख्यतः माद्रिदच्या नौदल संग्रहालयात आणि अमेरिका संग्रहालयात आहेत, दोन्हीकडची बरीचशी इंटरनेटवर बघता येतात.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. सुरिया उत्तरेला गेला त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर १७९० मध्ये, पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा चितारत होता. काम इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी. याच गंगारामाने पुढे वेरूळची लेणीही रेखाटली. परक्या सत्तेच्या माणसासाठी काम करणारा, आडनावाने तांबट असलेला हा आपला कारागीर, आणि तिकडे तांब्यावर कोरणारा सुरिया. गंमत म्हणजे गंगारामाची चित्रंही आज न्यू हेवनलाच आहेत, येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये, सुरियाच्या वहीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोघांची तुलना प्रकल्पात करू नका, प्रश्न वेगळे आहेत. पण गेंड्याच्या कातडीच्या घड्या आणि त्लिंगित चिलखताच्या दोऱ्या एकदा लागोपाठ बघा, स्वतःसाठी.

प्रकल्पासाठी मी तुमच्या जागी असते तर तीन गोष्टी शेजारी मांडल्या असत्या: सुरियाचं नूत्काचं एखादं पेन्सिलीतलं डोकं, त्याचंच पक्कं केलेलं एखादं चित्र, आणि कार्देरोचं मलग्रेव्हचं गर्दीचं एखादं दृश्य. मग शब्द लिहायच्या आधी तिन्हींची नक्कल केली असती, ट्रेसिंग न करता, बघून, साध्या २बी पेन्सिलने. सुरियाच्या छायेच्या रेघा मोजा आणि त्यांची दिशा सांभाळा. तासाभराने मनगट दुखायला लागेल. त्या दुखण्यावरून कळेल की हा हात कागदावर फार वर्षं चाललेला नाही, धातूवर चाललेला आहे. कॉलेजच्या छापचित्रण विभागात झिंकचा एखादा तुकडा मिळाला तर माक्विनाच्या टोपीची फक्त कड त्यावर कोरून बघा. आणि रोजनिशीतलं त्या बिछान्याचं वर्णन मुळातून वाचून घ्या, मी इथे सांगितलंय त्यावर भागवू नका.